भरलेली टाकी

पाण्याचा पेला हातात आला की सिस्टर तो तोंडाला लावण्याआधी नाकाशी न्यायच्या. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायच्या आणि मग एक तर पाणी प्यायच्या, नाही तर "शी!" म्हणून पेला खाली ठेवायच्या. स्वतःच्या घरी करायच्या तसंच लोकांच्या घरीही. साखरपुड्यात, बारशात, सत्यनारायणाच्या पूजेला. यजमानीण समोर ओशाळून उभी राहिली तरी म्हणायच्या, "मला काय विचारता? नाकाला विचारा."

अशी शेजारीण तुम्हालाही कधी लाभली असेल, तर ती आली की घरातली बाई आधी माठावरचं झाकण का तपासते, हे मी सांगायला नको.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. सोळा बिऱ्हाडांची चार मजली इमारत. सिस्टर तळमजल्यावर एकट्या. मूळच्या येवल्याकडच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, पण साडी अजून पांढरीच. त्यांचं नाव इमारतीत कुणी घेत नसे. मी शाळामास्तर आणि सोसायटीचा सेक्रेटरी. माझंही नाव त्या घेत नसत.

उन्हाळा लागला की त्यांच्या किळसेला ऊत यायचा. एकदा मी कोपऱ्यावरच्या रसवंतीत उभा होतो. मागून आवाज आला, "सेक्रेटरी, तो बर्फ बघितला का?" गोणपाटात गुंडाळलेली लादी फुटपाथवर पडली होती. "आत्ता कुत्रं चाटून गेलं तिला."

रसवाला म्हणाला, "बाई, धुऊन घेतो ना."

"कशानं? त्या बादलीतल्या पाण्यानं? लय घाण आहे ती. माशा बुडाल्यात तिच्यात." रागावल्या की त्यांच्या बोलण्यात असं येवलं डोकावायचं.

मी उरलेला अर्धा ग्लास त्यांच्याकडे बघत मुद्दाम संपवला. माझा बाणेदारपणा इतकाच. नंतर दोन दिवस पोट धरून बसलो, तेव्हा मीठसाखरेचं पाणी घेऊन त्याच वर आल्या. ते पाणी मात्र मी नाकाला न विचारता प्यायलो.

त्या वर्षी पाणी फार कमी होतं. नळ सकाळी तासभर यायचा, तोही करंगळीएवढा. ते पाणी जमिनीखालच्या टाकीत पडायचं आणि तिथून पंपानं गच्चीवर जायचं. गुढीपाडव्याच्या आसपास सिस्टर माझ्या दारात आल्या. हातात पाण्याची बाटली होती.

"वास घ्या."

मी घेतला. मला क्लोरीनचा वाटला. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही, कारण शाळेच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात होता.

"खालच्या टाकीचं झाकण फुटलंय आणि संडासाची लाइन तिला लागून जाते. टाकी उपसा, घासा, मग भरा. आणि तोवर सगळ्यांना पाणी उकळायला सांगा."

मी रविवारी मिटिंग बोलावली आणि विषय मांडला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "भर उन्हाळ्यात भरलेली टाकी गटारात ओतायची? कशासाठी, सिस्टरांच्या नाकासाठी?" सगळे हसले. सिस्टर समोरच बसल्या होत्या. मीही हसलो. आणि वहीत लिहिलं, 'टाकीची सफाई पावसाळ्यानंतर करण्याचे ठरले.' खाली सही केली. ती सही माझ्या सुवाच्य अक्षरात अजून त्या वहीत आहे. तिचा विचार आला की मला ओकारी येते.

सिस्टर भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बाकीची पंधराही दारं ठोठावत फिरल्या. "पाणी उकळा. चांगलं खळखळून." आमच्याकडे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण माझी धाकटी बहीण मंगल बाळंतपणासाठी मालेगावहून आली होती. पहिलंच बाळ होतं, सहावा सरत आलेला. आईनं आठवडाभर पाणी उकळलं. मग म्हणाली, "या उन्हात उकळलेलं पाणी गारच होत नाही. पोरीच्या जिवाची काहिली होते." आणि तिनं टाकीचंच पाणी माठात भरलं, वर वाळ्याची जुडी सोडली. वाळ्याचा काय सुंदर वास यायचा! मंगल तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. त्या वासाखाली दुसरा वास होता, तो आमच्यापैकी कुणाला आला नाही.

एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या मजल्यावर दोघांना कावीळ झाली. मग चौथ्या मजल्यावर एकाला. लोक म्हणाले, उन्हाची आहे.

मे महिन्यात मंगलला अन्न जाईना. आई म्हणाली, दिवसच तसे आहेत. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या, तिला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि पापणी खाली ओढली. मग माझ्याकडे वळल्या. "रिक्षा बोलवा."

आई मध्ये पडली. "घोटीच्या बाजूला एक जण कावीळ उतरवतो म्हणे. चुन्याच्या पाण्यात हात धुतो, पाणी पिवळं होतं."

"हाताला आधी झाडाची साल चोळतात, म्हणून होतं पिवळं," सिस्टर म्हणाल्या. "माझे हात धुतले तरी होईल. आई, पोटुशीची कावीळ साधी नसते. मी यात बाया गेलेल्या बघितल्यात. सेक्रेटरी, उभे काय राहिलात?"

दवाखान्यात मंगल अकरा दिवस होती. त्यांतले तीन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. सिस्टर त्या वॉर्डातून हलल्या नाहीत. आणि तिथे मी जे पाहिलं, ते मला आधी समजेचना. पेल्याच्या कडेवरचा डाग बघून तोंड फिरवणारी ही बाई मंगलची ओकारी उघड्या हातानं पुसत होती. चादरी बदलत होती, भांडं उचलत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं अंथरूण घाण केलं तर तेही. एकदाही "शी" म्हणाल्या नाहीत. मी मात्र नाकाला रुमाल लावून दाराशी उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी रुमाल खिशात घातला आणि भांडं त्यांच्या हातातून घेतलं.

बाळ दिवस भरण्याआधीच झालं. मुलगा होता. एक रात्र आणि अर्धा दिवस जगला. सिस्टरांनीच त्याला पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मंगल वाचली.

मी दवाखान्यातून परत आलो त्याच दुपारी सिस्टर पंपाच्या खोलीपाशी उभ्या होत्या. साडी खोचलेली, हातात टॉर्च. टाकी उपसून पार तळाशी आणली होती. आता कुणी हरकत घेतली नव्हती. लोखंडी शिडी आत सोडलेली होती.

"उतरा," त्या म्हणाल्या.

मी उतरलो. टॉर्चच्या उजेडात आधी भिंतीवरची शेवाळासारखी बुळबुळीत साय दिसली. मग कोपऱ्यातली फट, आणि तिच्यातून झिरपत येणारी काळी धार. ती कुठून येत होती हे नाक सांगत होतं. तळाच्या गाळात पाय घोट्यापर्यंत गेला आणि पायाखाली काहीतरी मऊ लागलं. उचलून पाहिलं तर केस गळलेली, फुगलेली घूस. किती दिवसांची होती देव जाणे. तिच्यावरून गेलेलं पाणी सोळा घरांनी प्यायलं होतं. लोकांनी त्याच पाण्यानं देव धुतले होते, पन्हं केलं होतं. मी लहान पोरासारखा किंचाळलो आणि तिथेच भडाभडा ओकलो.

वर इमारतीतली माणसं जमली होती. मी शिडीवरून वर आलो तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरकले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी नाक दाबलं. सिस्टर पुढे आल्या, बादली माझ्या डोक्यावर ओतली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुम्ही घ्या आता खराटा. पाळीपाळीनं उतरायचंय." ते उतरले. सगळे पुरुष उतरले. दोन दिवस टाकी घासली, फट बुजवली, नवं झाकण बसवलं, चुना मारला. मिटिंग वगैरे कुणी मागितली नाही.

त्यानंतर सिस्टर आणखी सहा-सात वर्षं तिथे होत्या. दर फाल्गुनात मी स्वतः टाकी उपसून घ्यायचो. मंगलला पुढे मुलगी झाली, मालेगावलाच. पण त्या वर्षाबद्दल सिस्टर माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. "मी सांगितलं होतं," हे वाक्य मी रोज ऐकायच्या तयारीत असायचो. जिन्यात भेटल्या की मी वाट द्यायला थांबायचो. त्या भाजीचा भाव सांगायच्या आणि पुढे जायच्या. त्यांनी मला एकदा तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग गुडघे गेले आणि येवल्याचा भाचा टेम्पो घेऊन त्यांना न्यायला आला. सामान फारसं नव्हतंच. एक लोखंडी पलंग, दोन ट्रंका, काही भांडी. भाचा मागे दोर बांधत होता आणि सिस्टर टेम्पोच्या दाराशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणालो, "सिस्टर, त्या वर्षी तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ द्या, झालं गेलं. मोठी माणसं म्हणतात तसं.

"नाही ऐकलंत," त्या म्हणाल्या.

टेम्पोची पायरी उंच होती. त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला आणि त्या कशाबशा चढून ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसल्या. मला वाटलं, आता हात सोडतील. पण भाच्याचं दोर बांधून होईपर्यंत, तो मागे चढेपर्यंत, ड्रायव्हर बिडी विझवून येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. समोर रस्त्याकडे बघत तो धरून बसल्या होत्या. गाडी सुरू झाली तेव्हा मला दोन-चार पावलं बरोबर चालावं लागलं.