फौजदारबाईंची भुवई

बस आगाराच्या मागच्या अंगाला, चौकशीच्या खिडकीला खेटून, हरवलेल्या वस्तूंची खोली होती. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे तिथे येऊन पडायचे; एकदा तर कोणाची कवळीसुद्धा आली होती. ज्याची वस्तू त्याने यावं, ओळख पटवावी आणि घेऊन जावं. ओळख पटवून घ्यायला टेबलामागे एक बाई बसत. आगारातल्या सगळ्यांनी त्यांना फौजदारबाई असं नाव ठेवलं होतं.

नाव पडलं ते भुवईमुळे. बाई लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या होत्या. डाव्या भुवईवर टाके पडले, ते सुकताना कातडी वर ओढली गेली आणि ती भुवई जी वर चढली ती पुन्हा खाली उतरलीच नाही. त्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी बाईंचा चेहरा म्हणे, "असं का? बरं, पुढे बोला."

खरं तर बाईंइतकी भोळी बाई शोधून सापडली नसती. भाजीवाल्याने "आजच तोडलीय" म्हटलं की त्यांना ते खरं वाटे. रेडिओवरच्या जाहिराती तर त्या मान डोलावत ऐकत.

एकदा एक टापटीप गृहस्थ आले. म्हणाले, "माझी कातडी बॅग राहिलीय. काळी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काळी बॅग वरच्या फळीवर ठेवली की खालच्या, ते त्या आठवत होत्या.

"म्हणजे… तपकिरीही असेल," गृहस्थ म्हणाले.

बाई अजून फळीच आठवत होत्या.

"बाई, खरं सांगू? बॅग माझी नाही. काल बसमध्ये कोणीतरी विसरलेली दिसली, म्हटलं बघावं मिळते का." आणि गृहस्थ घाम पुसत पळाले.

बाईंनी आगारप्रमुखांना सांगितलं, "बिचाऱ्यांना रंगच आठवत नव्हता हो." आगारप्रमुख पोट धरधरून हसले. बाई किती तिरकस बोलतात, हे त्यांनी दिवसभर ज्याला त्याला ऐकवलं.

घरीही तीच तऱ्हा. लग्नानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी नवरा उशिरा आला, तेव्हा बाई दारात उभ्या राहून दूध उतू गेलं की काय याचा अंदाज घेत होत्या. नवऱ्याने चपला काढायच्या आतच दोन सिगारेटी आणि एक सिनेमा कबूल केला. तेव्हापासून त्याने खोटं बोलायचं सोडूनच दिलं.

आता, इतकी माणसं एकच गोष्ट सांगायला लागली की आपलं आपल्यालाही खरं वाटू लागतं. बाईंना वाटू लागलं, असेलही बाई आपल्याला माणसांची पारख. त्या हळूहळू मतं द्यायला लागल्या. "हा माणूस सरळ नाही," असं म्हणून बघितलं, तर लोकांनी माना डोलावल्या. बाईंना बरं वाटलं.

मग धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलाने लग्न ठरवलं होतं आणि रविवारी तो मुलीला घरी आणणार होता. "ताई, तू काही बोलू नकोस. नुसती समोर बस. तुझ्यापुढे काही लपत नाही."

बाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मुलगी आली. सडसडीत, आखूड केसांची, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. तिचा फोटो काढायचा स्टुडिओ होता. बाईंना ती बघताक्षणी आवडली. पण तसं दाखवायचं नव्हतं, म्हणून त्या गप्प बसून सगळ्यांवरून नजर फिरवत राहिल्या.

पहिली ढासळली ती बहीण. चहा ओतता ओतता म्हणाली, "कप शेजारच्यांचे आहेत गं. आमच्या सगळ्या कपांचे कान तुटलेत."

मग मेहुणे खाकरले. "मी… हिच्या स्टुडिओत जाऊन आलोय. मुलगी कशी आहे ते बघायला. नाव खोटं सांगितलं. फोटोही काढून घेतले."

"बाबा!" मुलगा ओरडला. मग त्याचीही नजर मावशीवर गेली आणि त्याचा चेहरा पडला. "मी हिला सांगितलंय की घरी रोज स्वयंपाक मी करतो."

आता सगळे मुलीकडे बघू लागले. ती मात्र मान तिरकी करून बाईंना न्याहाळत होती.

"मावशी, तुमच्या भुवईला टाके पडले होते का?"

बाईंचा हात भुवईकडे गेला. इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

"झोपाळ्यावरून पडले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून ही अशीच आहे."

"वाटलंच. माझ्याकडे पासपोर्टच्या फोटोला येतात त्यातली निम्मी माणसं दरोडेखोर दिसतात हो. असतात बिचारी शाळामास्तर."

बाईंना एकदम हलकं वाटलं. "खरं सांगते," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "मला माणसांतलं काही म्हणजे काही कळत नाही. मला सगळेच खरे वाटतात. ही मुलगी मला आवडली, पण मला कोण आवडत नाही?"

बहिणीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघितलंत? काही कळत नाही म्हणे! एवढ्या वेळात पोरीची परीक्षाही घेऊन झाली ताईची." मेहुण्यांनी कौतुकाने मान हलवली. बाईंनी चहाचा कप ओढून घेतला. सांगून उपयोग नव्हता.

लग्न ठरलं. बहीण आजही सांगते, ताईने होकार दिला म्हणून ठरलं.

त्या रविवारी संध्याकाळी मुलगी बाईंना बसथांब्यापर्यंत पोहोचवायला गेली. थांब्यावर कोणी नाही असं बघून बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "आमच्या पोराची ती स्वयंपाकाची थाप… तुला खरी वाटली होती?"

"छे हो! माझ्या घरी चहा करायला उठला, तर विचारतो, शेगडी कुठून लावतात?"

बाईंना असं हसू फुटलं की बाकावर टेकावं लागलं. समोर बस येऊन थांबली. वाहकाने, चढायचंय का, म्हणून खूण केली. बाईंनी डोळे पुसत हातानेच त्याला जायला सांगितलं आणि पदर सावरून मुलीला म्हणाल्या, "जाऊ दे ती. बस इथे. मग? शेगडी लागली का शेवटी?"