राजे आणि मी गाळलेलं पान

राजे बसले की ती जागा सिंहासन व्हायची. बहात्तरच्या दुष्काळात ते लोहाऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडायचे आणि दुपारी त्याच खडीच्या ढिगावर असे बसायचे, की मुकादमसुद्धा त्यांच्यासमोर विडी लपवायचा. मी त्या कामावर हजेरी कारकून. मला खुर्ची होती, पण खुर्चीत बसून मी कारकूनच दिसायचो.

चैत्रातल्या जत्रेत आमच्या गावचं नाटक व्हायचं. विजेचा भरवसा नसल्यामुळे भर दुपारी, चावडीपुढं. राजाची भूमिका वर्षानुवर्षं त्यांचीच, म्हणून नावही राजेच पडलेलं. मी प्रधान. ती राजाची भूमिका मला हवी होती, आणि राजांवर मी मनातून जळायचो. मखमली अंगरखा माझ्या घरचा, नाटक बसवणारा मी, मॅट्रिक झालेला मी. पण तालमीत राजाचं एखादं वाक्य मी म्हटलं की सगळे हसायचे.

राजांना वाचता येत नव्हतं. दुपारी कामावर मिळणारी सुकडी खाऊन झाली की मी नाटक वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "कारकूनसाहेब, लई घाई नगा करू. शबुद पोटात उतरू द्या," म्हणायचे. दोनदा ऐकलं की त्यांचं पाठ. मला आठवडा लागायचा.

त्या वर्षी नाटक नवं होतं, आणि वाचताना मी एक पान गाळलं. शेवटी राजा प्रजेसमोर मुकुट उतरवतो आणि मग मोठं भाषण करतो, त्या भाषणाचं पान. नाटकाची वही एकच, तीही माझ्याजवळ. राजांनी मुकुट उतरवला की प्रधानानं पुढं व्हायचं आणि ते भाषण ठोकून द्यायचं, असा माझा बेत.

जत्रेत राजांनी मुकुट उतरवला, मांडीवर ठेवला आणि ते नुसते समोर बघत बसले. समोर सगळी खडीवरचीच माणसं. कुणी हललं नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी एक पाऊल पुढं टाकलं होतं, तोंडही उघडलं होतं, पण शब्द फुटेना. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

रंग पुसताना राजे हळूच म्हणाले, "शेवटाला वाचताना तुमचा आवाज हालला व्हता. कायतरी ऱ्हायलं, ते म्या वळखलं."

"मग विचारलं का नाही?"

"म्हणलं, तुमाला पायजे असंल."

या माणसानं मला भांडायलाही जागा ठेवली नाही.

पुढं दरवर्षी तेच नाटक, आणि शेवट तसाच. गावात दूध सोसायटी निघाली. मी सचिव झालो, राजे दूध मापायला. बाया चरव्या घेऊन यायच्या आणि मला ओलांडून त्यांना रामराम करायच्या. तेव्हाही मी जळायचो. पण संध्याकाळचा चहा मात्र त्यांच्याशिवाय घशाखाली उतरत नसे.

एका उन्हाळ्यात राजे कावीळ होऊन गेले. आठ दिवस मी संध्याकाळचा चहा घेतला नाही. पुढची जत्रा आली आणि राजाची भूमिका मी न मागताच मला मिळाली.

मी मुकुट उतरवला आणि ते गाळलेलं भाषण सुरू केलं. चार वाक्यं झाली असतील. पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "आरं बाबा, हितं बोलायचं न्हाय! हितं राजे गप बसायचे."

मी गप्प बसलो. मुकुट मांडीवर घेऊन समोर बघत राहिलो. थोड्या वेळानं लोक खोकू लागले, मग उठून चपला शोधू लागले.