हंसाबायचं कपाट कोण उघडतं

टेम्पोतून कपाट उतरलं तेव्हा हंसाबाय अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होती. तिनं हात पदराला पुसले, कपाटाभोवती एक फेरी मारली, मागच्या फळीवर टकटक केली आणि बोईसरहून आलेल्या सुताराला विचारलं, "याच्यात काय हाय?"

"कुछ नहीं माताजी, खाली है," सुतार म्हणाला. "ऑल इन वन है. आपका सारा सामान इसमें आ जाएगा."

"माजं सामान कुटं जायाचं ते तुला कोनी सांगितलं?"

सुतारानं जागृतीकडे, म्हणजे हंसाबायच्या सुनेकडे बघितलं. जागृती टेम्पोवाल्याला पाणी देत होती. ती म्हणाली, "मी सांगितलं, आई. तुमच्या मण्यांसाठी केलंय." एवढंच बोलून ती आत गेली, आणि हंसाबायच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

तसा हंसाबायचा स्वभावच संशयी, हे घिवलीत शेंबडं पोरही सांगेल. पण तो काही तिनं माहेरून आणलेला नव्हता, धंद्यानं लावलेला होता. बोईसरच्या बाजारात सगळी उमर टोपली घेऊन बसलेली बाई ती. शेजारची जरा वळली की आपल्या वाट्यातली मासळी तिच्या वाट्यात जाते, हे पहिल्याच वर्षी शिकली. दुसऱ्यानं मोजलेलं तिनं परत मोजल्याशिवाय घेतलं नाही आणि दुसऱ्यानं ताजं म्हटलेलं उघडून बघितल्याशिवाय मानलं नाही. तिचा नवरा पुंडलिक म्हणायचा, "देव जरी दारात आला ना, तरी ही आधी त्याचे कल्ले उघडून बघल."

याच बाईच्या हातात मोठी कला होती. मुलगी असताना बापाची फाटकी जाळी सांधता सांधता बोटं तयार झाली आणि उरलेल्या तंगुसात, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यात, ती मणी ओवायला लागली. तोरणं झाली, मोर झाले, आणि मग होडी झाली. अख्खी मण्यांची होडी, वर पांढरं शीड आणि डोलकाठीला निशाण. इथल्या मच्छीमारांच्या लग्नात रुखवत मांडलं की बाया बाकीचं सोडून होडीभोवती जमतात आणि विचारतात, ही कोणाची? ती हंसाबायची असली की नवरीच्या आईची मान जरा ताठ होते. पुंडलिक गेला, बोट विकली, मुलगा धर्मेश कंपनीत शिफ्टला जायला लागला. माझं म्हणावं असं हंसाबायकडे ते एक नाव तेवढं राहिलं होतं.

आणि त्या नावाचा सगळा संसार पत्र्याच्या डब्यांत होता. लाल मणी बिजागरी तुटलेल्या डब्यात, पांढरे गोल डब्यात, हिरवे चेपलेल्या डब्यात. कात्री तांदळाच्या पिंपामागे, तंगुसाची रिळं खाटेखाली, जरीचे तुकडे उशीच्या खोळीत. दुसऱ्याला काही सापडायचं नाही, आणि सापडू नये हाच तर त्या व्यवस्थेचा हेतू होता.

आता ते सगळं जागृतीनं कपाटात लावलं. कपाट बंद असलं की साधंच दिसायचं. दारं उघडली की दोन्ही दारांच्या आतून पारदर्शक प्लास्टिकचे कप्पे, ओळीनं, सगळे एका मापाचे. मधे कात्री-पक्कड अडकवायच्या खुंट्या, रिळांसाठी दांडा. कडी काढली की एक फळी खाली यायची, तेच टेबल. वर दिव्याची पट्टी, दार उघडलं की आपोआप पेटणारी.

"उजेड कोनासाठी?" हंसाबायनं विचारलं. "मला उजेड लागत नाय. माजी बोटं अंदारातबी वळतात."

जागृती रिळं दांड्यावर अडकवत राहिली. ती कमीच बोलायची. मनोरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. कंपनीत कामाला होती तेव्हा धर्मेशशी ओळख झाली, लग्न दोघांनी ठरवलं आणि आईला सगळ्यात शेवटी कळवलं. कमी बोलणाऱ्या माणसावर हंसाबायचा विश्वास नव्हता. जास्त बोलणाऱ्यावरही नव्हता म्हणा, पण त्याच्या पोटातलं निदान ओठावर येतं.

तेवढ्यात शेजारची जमना कपाट बघायला आली. जमनाची नात उन्नती, तिचं लग्न ठरलेलं, आणि तिच्या रुखवताची होडी हंसाबायकडेच सांगितलेली. जमनानं दारं उघडझाप करून बघितली, दिवा लावून-विझवून बघितला आणि हळूच म्हणाली, "हंसा, एक सांगू? डब्यातलं तुलाच सापडत व्हतं. आता तिलाबी सापडंल. आज सामान लावलं, उद्या आर्डर ती घेईल."

आगीत तेल ओतायला जमनाला कधी कोणी बोलवावं लागलं नाही. पण बोलली ते नेमकं हंसाबायच्या पोटातलं बोलली. ही पोरगी आपलं काम घेणार, आणि आपण ओट्यावर बसून बोंबलांवरचे कावळे हाकणार.

मग ती डोळ्यांत तेल घालून बसली. सकाळी सुकी मासळी घेऊन बोईसरला जायची, दुपार टळल्यावर यायची आणि आल्या आल्या होडी हातात घ्यायची. चारेक दिवसांतच तिच्या लक्षात आलं की कुठेतरी पाणी मुरतंय. शिडाच्या ओळींवरून तिनं बोट फिरवलं. काल ओवलेल्या ओळी घट्ट लागत होत्या. हंसाबायचा हात सैल, तिचे मणी तंगुसावर जरा हलतात, म्हणून तिचं शीड फुगलेलं दिसतं. या ओळी आवळून बसवलेल्या होत्या. आपला भात आपण ओळखतो तसा आपला हातही ओळखतो. हा हात दुसऱ्याचा होता.

आपण नसताना कोणीतरी शीड उसवून परत ओवत होतं. म्हणजे काम शिकणं चाललं होतं, चोरून, तिच्याच मालावर.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं कपाटाच्या दोन्ही मुठी तंगुसाच्या तुकड्यानं बांधल्या आणि जाळ्याला मारतात ती गाठ मारली. ती गाठ कोळ्याच्या घरात वाढलेल्यालाच जमते. मासळी वाळत टाकून जाताना ती टोपल्यांनाही अशीच खूण करायची. संध्याकाळी परत आली तर तंगूस जागेवर होता, पण गाठ साधी होती. गवताचा भारा बांधतात तशी, दुहेरी पीळ देऊन. मनोरची गाठ. हातच्या काकणाला आरसा कशाला?

हंसाबायला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. धर्मेशला सांगावं तर तो बायकोचीच बाजू घेणार. साक्षीदार पाहिजे होता, आणि साक्षीदार म्हणून जमनाइतकी उत्साही बाई अख्ख्या किनाऱ्यावर मिळाली नसती.

जमनाशी ठरल्याप्रमाणे हंसाबाय सकाळी टोपली घेऊन रिक्षात बसली. वाटेतल्या पाम गावाला उतरली, टोपली ओळखीच्या घरी ठेवली आणि थोडं थांबून मिळाली त्या रिक्षानं परत आली. जमना विहिरीपाशी उभीच होती. दोघी मागच्या दारानं, चपला हातात घेऊन, आत शिरल्या.

कपाट सताड उघडं होतं. दिवा लागला होता, फळी खाली आली होती, आणि फळीवर होडी ठेवून जागृती शिडाची ओळ उसवत होती. एकेक मणी उचलून दिव्याखाली धरत होती, काही वाटीत टाकत होती, काही परत ओवत होती.

"धरली," जमना म्हणाली.

जागृती दचकून उठली. वाटी तिनं ओढणीखाली घेतली, आणि तेच हंसाबायनं बघितलं.

"काय लपवतेस? दाखव. माज्या घरात माज्या मालाला हात लावतेस, तोबी चोरून? मला सांगून शिकली असतीस तर शिकवलं नसतं?" शिकवलं नसतंच, पण रागात माणूस स्वतःलाही चांगलं समजतो. "घे जमना, बघ तूच. तुज्या नातीच्या होडीची काय दशा करते ती."

"काकी, तुम्ही जा ना घरी," जागृती म्हणाली. "आई, आपण नंतर बोलू. आपण दोघी बोलू."

"दोघी कशाला? मी काय चोरी केली नाय. जे हाय ते जमनासमोर."

हंसाबायनं ओढणीखालून वाटी काढून घेतली आणि जमनाच्या हातात दिली. जमनानं वाटी खिडकीकडे नेली, बोटानं मणी ढवळले.

"पिवळे हायत," ती म्हणाली. "हळदीसारके पिवळे. शिडात पिवळे कशाला घातले गं?"

हंसाबायनं वाटी परत घेतली. तिनंही मणी उजेडात धरले, मग डोळ्यांजवळ नेले, मग लांब केले. तिला ते पांढरे दिसत होते. फळीवर पडलेले जेवढे पांढरे होते तेवढेच पांढरे. गोल डब्यात हात घालून काढले असते तर ते पांढरेच निघाले असते. इथे पांढऱ्यांशेजारी पिवळ्यांचा कप्पा होता, त्याच मापाचा, आणि आजवर डब्यांनी झाकून ठेवलेलं कपाटानं उघडं केलं होतं.

"मी घातले," जागृती घाईनं म्हणाली. "माझ्याकडून कप्पे मिसळले, काकी. आईंना कळायच्या आत मी निवडून काढत होते. चूक माझीच आहे."

जमनानं मान हलवली. तिला हे पटलं, कारण तिला हेच पटवून घ्यायचं होतं. "तरी मी म्हनत व्हते हंसाला," ती म्हणाली. "हे काम कोनाच्याबी हातात देन्यासारकं नाय."

हंसाबाय सुनेकडे बघत राहिली. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. जमना जाताना गावभर सांगत गेली असती की सुनेनं मणी मिसळले, पोरगी वेंधळी, आणि होडीवरचं हंसाबायचं नाव होतं तिथे राहिलं असतं. जागृतीनं तिला वाट काढून दिली होती, एका सासूला हवी तशी. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईनं एक स्वतःच्या डोळ्यांवर तो घेतला नव्हता, आणि हे तिला आत्ता, परक्या बाईसमोर कळत होतं. तिला लाज वाटली. तिनं वाटी फळीवर ठेवली.

"ती खोटं बोलते," हंसाबाय म्हणाली.

"म्हनजे?"

"तिनं नाय मिसळले. मी ओवले. मला पिवळा-पांढरा कळत नाय, जमना. मला दिसत नाय."

जमनानं होडीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, उन्नतीच्या लग्नाला अजून वेळ आहे असं काहीतरी पुटपुटली आणि चपला हातातच घेऊन पुढच्या दारानं गेली.

घरात दोघीच उरल्या. हंसाबायनं विचारलं, "कवापासून?"

"गेल्या दिवाळीपासून. निळ्यांचा डबाही चेपलेला, म्हणून तोरणात हिरव्याच्या जागी निळे गेले होते. मी रात्री बदलले. वाटलं, कप्पे दिसणारे असले, वर दिवा असला, तर तुम्हाला सोपं जाईल."

"धर्मेशला माईत हाय?"

"नाही. कोणालाच नाही."

दिवाळीपासून किती लग्नं झाली, किती रुखवतं मांडली गेली, किती बायांनी विचारलं असेल ही कोणाची म्हणून. दर वेळी ही पोरगी मागे उभी असेल आणि तोंडातून शब्द काढला नसेल. हंसाबायला रडू आलं. तिनं ते दाबलंही नाही.

"मोतीबिंदूचा पडदा आलाय डोळ्यांत," जागृती म्हणाली. "पालघरला दाखवू. लहानसं ऑपरेशन असतं, माझ्या आजीचं झालंय. दिसतं परत."

"लगीन होऊ दे उन्नतीचं. मग जाऊ."

हंसाबाय फळीपुढच्या स्टुलावर बसली. अर्धं उसवलेलं शीड तिनं मांडीवर घेतलं आणि तंगुसाचं टोक बोटात धरलं. मग समोरच्या ढिगातला एक मणी उचलून तिनं तो सुनेपुढे धरला.

"हा?"

"पिवळा."

तो तिनं बाजूला ठेवला. दुसरा उचलला. "आनि हा?"

"पांढरा."

हंसाबायनं तो उजेडात धरला नाही, डोळ्यांजवळही नेला नाही. तिनं तो तसाच ओवला आणि पुढच्या मण्यासाठी हात पुढे केला.