बायचं शेवटचं पुडकं

लालबागला आमचा मसाला कुटायचा डंक आहे. गल्लीतल्या, आम्हाला धरून, पाच डंकवाल्यांनी मिळून गट काढला, तेव्हा बाबांना त्यात ओढलं ते मीच. मिरची एकत्र घेतली की भाव उतरतो, टेम्पो एकच लागतो, ऑर्डरी फोनवर येतात. "एकटे माशा मारत बसणार का?" असं मी त्यांना सुनावलंही होतं. अटी वाचून सही केली, हे माझं शहाणपण.

अटी दोनच. माल गटाचाच वापरायचा, कारण सगळ्यांनी घेतला तरच तो भाव मिळतो. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं प्रमाण फोनमध्ये भरायचं, म्हणजे जो डंक रिकामा असेल तो कुटेल.

खोताच्या वाडीतली एक ईस्ट इंडियन बाय दर उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा बाटली मसाला कुटायला येते. प्रमाण तिच्या सासूचं. सगळा माल घरून निवडून, वाळवून आणते, कुटून होईपर्यंत स्टुलावर बसते आणि शेवटी पिशवीतून कागदाचं एक पुडकं काढते. ते डंकात पडेपर्यंत बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. त्यात काय असतं ते तिने कधी सांगितलं नाही, बाबांनी कधी पाहिलं नाही.

या वर्षी ती आली तेव्हा मी फोन काढला. "मिरची आमची घ्या, स्वस्त पडेल. बाकी काय काय घालता तेवढं सांगा, भरून टाकतो."

"भाऊ, हा काय बोलतो?" तिने बाबांना विचारलं.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "एका बायसाठी सोड ना रे."

"सोडलं तर गटातून बाहेर. मग बाकीचे चौघे स्वस्त विकणार, आणि आपण जुन्या भावाने मिरची आणणार. किती दिवस टिकू?"

मी खरं तेच बोलत होतो, म्हणून जास्त लाज वाटत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली. शेजारचा डंकवाला दारातून बघतच होता.

बाय स्टुलावर बसली. या वेळी तिने कुटण्याआधीच पुडकं बाहेर काढून मांडीवर ठेवलं. ते दिसताच बाबांनी सवयीने भिंतीकडे तोंड केलं. मी मात्र फोन उघडा धरून समोरच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, पुडकं परत पिशवीत टाकलं आणि पिशव्या उचलून चालू लागली.

"पडलं का रे?" बाबांनी विचारलं.

"गेली ती," मी म्हटलं.

तरी ते वळले नाहीत.