बायकोच्या पायाचा अंगठा

लाकडी पायरी, बसायचं स्टूल, गुडघ्याखालची टेकण: वर्ध्यातल्या एका एमआरआयच्या खोलीसाठी हे सगळं मी घडवलं, कुणाजवळ न शिकता. एकही खिळा नाही, कारण तिथलं चुंबक लोखंड ओढतं.

मंडळी, आज त्याच खोलीत माझी बायको होती. तिच्या किडनीत गाठ आहे. गाठ मवाळ की जहाल, म्हणजे हळू वाढणारी की झपाट्यानं पसरणारी, हे मशीन आकड्यांत मोजतं. पण श्वास चालू राहिला की आकडे चुकतात. मशीनच्या धडधडीत तिला "श्वास रोखा" ऐकूच येईना. दोनदा तपासणी वाया गेली.

घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवून मी आत गेलो आणि तिच्या पायाचा अंगठा धरला. "दाबला की श्वास रोखजो, सोडला की सोडजो."

"पाय काऊन धरता जी? मले पाप लागंल ना!"

"लागू दे. अर्धं माह्यं."

या वेळी आकडे नीट आले. डॉक्टर म्हणाले, "मवाळ वाटते. पक्कं ऑपरेशननंतरच कळेल." बाहेर येताच ती आधी माझ्या पाया पडली.

सेंटरचे मालक बघत होते. म्हणाले, "काका, रोज येऊन पेशंटले असाच इशारा देता का? महिना तीन हजार देतो."

मी नाही म्हटलं. हे काम मला एकाच माणसासाठी जमतं. तुम्ही घेतले असते का हो ते तीन हजार?