दोरीला अंगठा लावायचा नाही

"अंगठा शाबूत आहे ना? मग निम्मा हात शाबूत आहे," असं सीताराम उईकेंना म्हणून मी मापाची पट्टी उचलली.

हे वाक्य मी बोटं गेलेल्या प्रत्येक पेशंटला ऐकवायचो. त्यात थापेबाजी नव्हती. आमच्या धंद्यात हाताचं निम्मं काम अंगठ्याच्या नावावर धरतात. समोरची बोटं गेली तरी अंगठ्याशी जुळेल असं काहीतरी बसवता येतं आणि माणूस पुन्हा विळा धरतो, बादली उचलतो.

तेव्हा मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात कृत्रिम अवयवांच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन होतो. महाल भागातल्या घरून सायकलने यायचं आणि दिवसभर चामडं, लाकूड, अॅल्युमिनियम यांच्यात हात घालायचा. शिकारबंदीचा कायदा येऊन काही वर्षं झाली होती.

उईकेंची उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली होती. वय साठीच्या घरात. जखम भरली होती. त्यांना घेऊन आले होते मेश्राम सर. हे शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर, आणि उमरेड रोडकडच्या चार-सहा गावांतल्या धनुष्यबाण मंडळाचे सेक्रेटरी. उईके हे त्या मंडळाचे वस्ताद, आणि त्यांना पुन्हा बाण मारता येईल असा हात हवा होता.

मंडळ कायद्याच्या आधीपासूनचं. बंदुकवाल्यांना परवाने मिळतात, मग धनुष्यवाल्यांनाही रीतसर परवाना द्या, ही त्यांची तेव्हाची मागणी. त्यांचे स्वतःचे नियम सरकारपेक्षा कडक होते. लांबून बाण मारायचा नाही. जखमी जनावर तसंच टाकून घरी यायचं नाही. कायदा आला, शिकार संपली, पण मंडळ मोडलं नाही. दर रविवारी माळावर पोरांना तिरंदाजी शिकवायची आणि बाकीच्या दिवशी कोणाच्या पेशंटला दवाखान्यात पोचव, कोणाची विहीर उपस, असली कामं करायची. आमच्याकडे पाय बसवायला आलेले कितीतरी लोक मेश्राम सरांनी बैलगाडीने, एसटीने आणलेले होते.

तरीही आमचे मोठे डॉक्टर अडले. "मास्तर, शिकारीला बंदी आहे. सरकारी खर्चाने बाण मारायचा हात बनवून देऊ?"

"शिकार नाही साहेब. गवताच्या गठ्ठ्यावर मारतात."

"आणि तुमचे ते अर्ज?"

"ते चालूच आहेत. उभ्या पिकात डुक्कर शिरलं तर बाण चालवू द्या, एवढंच म्हणतो. परवानगी येईपर्यंत बाण गवतातच."

डॉक्टर हसले. "आधी पोटापाण्याचे पेशंट. हे शनिवारी, अर्ध्या दिवसानंतर," असं मला बजावून ते निघून गेले.

मी बराच विचार करून वस्तू बनवली. अंगठ्यावर चढेल अशी चामड्याची टोपी, तिला आतल्या बाजूने पितळेचा आकडा. आकड्यात धनुष्याची दोरी अडकवायची, अंगठ्याच्या जोरावर ओढायची, अंगठा किंचित वळवला की दोरी सुटते. टेबलावर मी स्वतः दहादा ओढून पाहिली. सुरेख सुटत होती.

उईकेंनी ती टोपी अंगठ्यात घातली, उलटसुलट पाहिली. "बेस बनवलं भाऊ," म्हणाले, आणि काढून खिशात ठेवली.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका शनिवारी त्यांच्या बायको सोनाबाई एकट्याच आल्या. पदराच्या गाठीतून ती टोपी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"हे घ्या भाऊ. दुसऱ्या कोनाच्या कामी येईन."

"काहून? बोचते का?"

"घातली असती त बोचली असती." त्या स्टुलावर बसल्या. "आमच्या घरान्यात दोरीले अंगठा लावत नाईत. दोन बोटायनं ओढतात. लई पूर्वी एकाचा अंगठा मागून घेतला होता ना, ते गोष्ट तुमाले मालूम हाय. तवापासून. सासऱ्यानं नाई लावला, त्याच्या बापानं नाई लावला."

"मग इथे बोलले का नाहीत?"

"तुमी इतक्या मायेनं बनवलं. कसं नाई म्हनाव, म्हनत होते."

टोपी टेबलावर पडून होती. तिचं पितळ मी पॉलिश केलं होतं.

"रविवारी माळावर जात नाईत," सोनाबाई म्हणाल्या. "पोरं बलवाले येतात, त झोपल्याचं सोंग करतात. धनुष्य खुटीवर हाय, त्याच्याकडे पाठ करून जेवतात. चाळीस सालात हा मानूस चूप बसला नोता भाऊ. मी म्हनत होती, जरासा चूप राहा. आता चूप हाय त घर खायाले उठते."

मी म्हटलं, त्यांना पुढच्या शनिवारी घेऊन या. आणि धनुष्यही आणा.

या वेळी अंगठा वगळून विचार करायचा होता. म्हणजे जी दोन बोटं गेली, तीच परत बनवायची. मी उरलेल्या पंजाचा प्लास्टरचा साचा घेतला. त्यावर पंजाला घट्ट बसेल असं चामड्याचं कव्हर बनवलं, त्याला आम्ही सॉकेट म्हणतो. सॉकेटला लाकडाची, वरून चामडं चढवलेली दोन वाकडी बोटं बसवली. मनगटाला पट्टा.

वर्कशॉपच्या मागच्या अंगणात ट्रायल घेतली. मेश्राम सरही आले होते. उईकेंनी दोन लाकडी बोटांत दोरी धरली आणि ओढली. दोरी पूर्ण मागे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी बाण सोडायचा प्रयत्न केला. दोरी सुटेना. मनगट झटकलं, तसा बाण वाकडा होऊन त्यांच्याच पायापाशी पडला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

दोष माझ्या कामाचा नव्हता, लाकडाचा होता. कृत्रिम बोट धरून ठेवतं. सोडायचं केव्हा, हे त्याला समजत नाही. बाणाचं सगळं काम तर सोडण्यात असतं.

"जाऊ द्या भाऊ," उईके म्हणाले. "तुमी लई केलं." त्यांनी धनुष्य उजव्या हातात घेऊन माझ्यापुढे धरलं, कारण डाव्या हाताने ते मनगटाचा पट्टा सोडायला लागले होते.

मी धनुष्य घेतलं नाही. ते कसं धरलं आहे तेच पाहत राहिलो. दोन्ही लाकडी बोटं धनुष्याच्या मुठीभोवती बरोबर बसली होती. मी धनुष्याचं टोक धरून हिसका दिला. हललं नाही.

"बाबा, धनुष्य धरताना अंगठा चालतो का?"

"धराले चालते. दोरीले चालत नाई."

"मग उजव्या हाताने धनुष्य धरा. डाव्या हाताची दोन बोटं तुमची स्वतःची आहेत. त्यांनी ओढा."

पट्टा सोडता सोडता त्यांचा हात थांबला. "डाव्या हातानं? या वयात? ज्या पोरायले शिकवलं तेच हासतीन."

"हासू द्या," सोनाबाई म्हणाल्या. "मी चाळीस सालापासून हासून राहिली, तवा काय मेले का तुमी?"

"तू चूप राय वं!"

त्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. त्यांना हेच ऐकायचं होतं, असं मला वाटलं.

धनुष्याच्या मुठीचं माप घेऊन मी लाकडी बोटांचा वाक थोडा वाढवला, आत रबराचं अस्तर लावलं. काम सोपं होतं. बोटांना फक्त धरायचं होतं, आणि ते त्यांना येत होतं.

पुढच्या रविवारी मी बसने माळावर गेलो. पोरं ओळीत उभी होती आणि ओळीच्या शेवटी, सगळ्यांत छोट्या पोरीच्या बाजूला, उईके उभे होते. मंडळाचा नियम असा की नवशिक्याने पहिल्या दिवशी बाण सोडायचा नाही. दोरी ओढायची, रोखायची आणि बाण न सोडता सावकाश परत आणायची. ज्याला परत आणता येत नाही, त्याला सोडूही द्यायचं नाही. हा नियम उईकेंनीच घातलेला.

त्यांनी डाव्या हाताने दोरी ओढली. कोपर सारखं खाली जात होतं. नजर गठ्ठ्यावर लागली. बाण आता सुटणार, असं मला वाटलं.

"बाबा, तुमचा पयला दिवस हाय!" शेजारची पोर ओरडली. "सोडाचं नाई!"

ओळ हसली. उईके हसले नाहीत. त्यांनी दोरी हळूहळू परत आणली, धनुष्य खाली केलं आणि त्या पोरीला म्हणाले, "बरोबर हाय, गुरुजी."

सोनाबाई बाभळीखाली डबा घेऊन बसल्या होत्या. "पोरीचं ऐकतात," त्या मला म्हणाल्या. "माहं कधी ऐकलं नाई." आणि डोळे पुसत त्यांनी माझ्या हातावर भाकरी ठेवली.

पुढे त्यांचे बाण गठ्ठ्यात लागायला लागले. उजव्या हाताइतके नेमके कधीच नाहीत, असं मेश्राम सर म्हणायचे. डुकरांबाबतच्या अर्जाला मात्र माझ्या माहितीत उत्तर आलं नाही.

अंगठा शाबूत म्हणजे निम्मा हात शाबूत, हे वाक्य मी आजही खरं मानतो. पेशंटला मात्र ते ऐकवत नाही. पट्टी उचलण्याआधी विचारतो, "या हाताला काय चालत नाही?" बहुतेक लोक म्हणतात, काही नाही. तरी मी थोडा वेळ थांबतो.