चिंचेने घासलेले राणीछाप

आधी अक्कांचं सांगतो, मग माझं. जळगावात डाळ मिलच्या मागच्या गल्लीत अक्कांची खानावळ आहे. मी तिथे दोन वेळ जेवायचो, एवढंच आमचं नातं. पण आज मी जिवंत आहे तो त्या बाईमुळे. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून अक्षर वाकडं येतंय, तेवढं सांभाळून घ्या.

मी शिंदखेडा तालुक्यातला. शाळा आठवीत सुटली आणि जळगावला पोती उचलायला आलो. आई गेली तेव्हा तिच्या गळ्यातली माळ मागे राहिली. राणीछाप चांदीचे रुपये, प्रत्येकाला वर कडी झाळलेली, काळ्या गोफात ओवलेले. मोठा भाऊ धुळ्याला दुसऱ्याची रिक्षा चालवायचा. त्याने मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला. जुन्या रुपयाला हौशी लोक लाख लाख मोजतात, असं त्यात कोणी सांगत होतं. झालं! त्या जोरावर त्याने स्वतःची रिक्षा ठरवली, स्टँडवर पेढे वाटले आणि माळ आणून माझ्या हातात दिली. सोन्याचा बाजार तुझ्या गावात आहे, तूच विक म्हणाला.

सराफाने गोफ कापला, एकेक रुपया भिंगाखाली धरला.

"दर दिवाळीला घासत होते ना?"

"हो शेठ. लक्ष्मीपूजनाला. चिंच आणि राख लावून."

"तेच तर. राणीचं नाक गेलं, अक्षरं गेली. शिवाय कडी झाळलीये. असं नाणं गोळा करणारा माणूस हातात धरत नाही. काळं पडू दिलं असतं, घासलं नसतं, तर कोणी विचारलं असतं. आता चांदी आहे. वजनावर घेतो."

आमच्याकडे सगळेच घासतात. काळा रुपया लक्ष्मीपुढे ठेवायचा तरी कसा? आई तर नव्याकोऱ्यासारखे लखलखीत करायची आणि आम्हाला उन्हात धरून दाखवायची. मी रुपये विकले नाहीत. कापडी थैलीत घातले आणि भावाला फोन करून सांगितलं, शेठ नुसता वजनाचा भाव देतोय. त्याने मधेच फोन कापला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्कांकडे जेवायला बसलो होतो. भाऊ दारातून आला तो सरळ माझ्या पानावर लाथ मारूनच.

"बठ्ठा रुप्या कोठे शेतस?"

सगळे रुपये यातच आहेत म्हणत मी थैली पुढे केली. आत सुटे रुपये, गोफ कापलेला. ते पाहिलं आणि त्याचा चेहराच फिरला.

"माळ कोठे शे? बदली टाकी ना? तू मायनी माळ इकी खादी!"

"भाऊ, ऐक तर..."

त्याने कमरेचा पट्टा काढला, बक्कल भुवईवर बसलं. डोळ्यावर रक्त ओघळलं, म्हणून दुसरा फटका दिसलाच नाही, फक्त कानात घुमला. मी खाली पडलो. त्याने छातीवर गुडघा दिला. मला सांगायचं होतं की माळ विकली नाही, बदलली नाही, रुपये आईचेच आहेत, पण श्वासच वर येईना. जेवणारे पानं सोडून भिंतीला चिकटले. कोपऱ्यात चटणीचा पाटा होता. भावाने त्यावरचा वरवंटा उचलला, माझा उजवा हात फरशीवर दाबला आणि त्यावर घातला. आवाज आला. हाड मोडल्याचा आवाज ज्याचं मोडतं त्याला आतून ऐकू येतो. त्याने वरवंटा परत उचलला, आणि आता तो हाताकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काब्रं मारतो रे त्याले?" अक्का ओरडल्या. त्याने ऐकलं नाही. मग त्यांनी शेगडीवरचं उकळत्या वरणाचं पातेलं उचलून त्याच्या खांद्यावर ओतलं.

भाऊ गुरासारखा ओरडला. वरवंटा माझ्या कानाशेजारी फरशीवर आदळला, फरशी फुटली. अर्धं वरण अक्कांच्या स्वतःच्या हातावर आलं होतं. कोपरापर्यंत कातडी लाल, मग पांढरी. तरी पातेलं त्यांनी सोडलं नाही, परत उगारलं.

"अजून भाजू का तुले? माह्या घरात खून करतो?"

रुपये सगळ्या खोलीत पांगले होते, रक्तात, वरणात. अक्कांनी त्याच भाजलेल्या हाताने ते वेचले. एक रुपया नाकाशी धरला.

"याची कडी पितळेची काब्रं रे?"

भावाने मान वर केली. तान्हा असताना त्याने आईच्या गळ्यातली माळ ओढून एक कडी तोडली होती. वडिलांनी तिच्या जागी पितळेची बसवून घेतली. आई त्याला त्यावरून जन्मभर चिडवायची. भावाने तो रुपया घेतला, अंगठ्याने पुसला.

"हाऊ तं तोच शे," म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. मग स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला, ओठ फुटेपर्यंत. अक्कांनी त्याचाही हात धरला. "पुरे भो. आज पुष्कळ झालं."

मोडल्या हाताने पोती उचलता येईनात. हात बांधलेला होता तोवर अक्कांनी मला स्वतः घास भरवले, डाव्या हाताने, कारण उजवा त्यांचाही बांधलेला. एक पैसा घेतला नाही. आता मी पार तमिळनाडूत एका गोदामात राखणदार आहे. भाषा येत नाही. कोणी जोरात दार ढकललं की अजून हात आपोआप डोक्यावर जातो. भावाने त्या पितळी कडीचा रुपया मला दिला, बाकीचे वजनावर गेले. रिक्षा काही आली नाही.

इथली पोरं मोबाइलवर डबीतली चांदीची नाणी दाखवतात. घेऊ का, वाढतील का, विचारतात. मी म्हणतो, चांदी म्हणून घ्यायची तर घ्या, वजन कुठे जात नाही. पण वजनाच्या वरचा भाव दुसऱ्याच्या हौसेचा असतो, आणि त्या भावावर आधीच पेढे वाटू नका. एवढं बोलतो आणि हात खिशात घालतो.

अक्का, फोनवर तुम्ही सांगता की भरलं पातेलं आता एकटीने उतरवत नाही, हाताची भाजलेली कातडी ओढली जाते. तो रुपया मी तुम्हाला आणणार नाही, तुम्ही त्याला चिंच लावाल. पण एक दिवस येईन. शेगडीजवळ मी उभा राहीन, पातेलं मी उतरवीन, आणि तुम्हाला पाटावर बसवून आधी तुम्हाला वाढीन. हे मी लिहून देतो.